टेकूखालची भाकरी

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शोअरिंगचा धडा आला तेव्हा निम्मा वर्ग पेंगत होता. सरांनी फळ्यावर खोल खड्डा काढला, त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या फळ्या काढल्या आणि समोरासमोरच्या फळ्यांमध्ये आडवे दांडे दाखवले. माती आत ढासळू नये म्हणून दिलेला तात्पुरता आधार, असं त्यांनी वहीत उतरवून घ्यायला सांगितलं. मी उतरवून घेतलं आणि मनात हसले. आमच्याकडे याला टेकू म्हणतात, आणि टेकू देणारा माणूस मी सातवीत असतानाच पाहिला होता.

आमचं घर कासुर्डीच्या शिवारात. वडिलांनी विहीर खोल करायला काढली आणि तिच्या एका अंगाची माती सुटायला लागली. गावातलेच एक मामा विहिरी खणायचे, बांधायचे. नात्यानं ते आमचे कुणी नव्हते, पण सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा, म्हणून आम्हीही. त्यांनी बाभळीच्या लाकडांचे टेकू दिले, पाचरी ठोकल्या, एकेका लाकडावर कुऱ्हाडीची मागची बाजू मारून आवाज ऐकला. मग वर आले, हात धुतले, भाकरीचं फडकं घेतलं आणि एकटेच पुन्हा खाली गेले.

त्यांच्या माणसांत तशी रीतच होती. ज्यानं टेकू दिला त्यानं आधी त्याच टेकूखाली बसून भाकरी खायची. पूर्ण भाकरी, घाई न करता. तोवर दुसऱ्या कुणी खाली पाय टाकायचा नाही. आम्ही सगळे काठावर उभे होतो. वडील दर दोन मिनिटांनी "झालं का?" म्हणून ओरडायचे. एकदा खालून शांतपणे आवाज आला, "ठेचा वरच ऱ्हायला वाटतं. धाडा की." आईनं ठेच्याची वाटी फडक्यात बांधून दोरीनं खाली सोडली. मामांनी जेवण केलं, पाणी प्यायलं, आणि मग हाक दिली, "या आता." त्यांचे गडी उतरले.

ही गोष्ट मी कॉलेजात इतक्यांदा सांगितली की मैत्रिणी मला ठेचा म्हणायला लागल्या. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

शिक्षण झाल्यावर रांजणगावच्या औद्योगिक भागात एका कारखान्यात मला नोकरी मिळाली. कारेगावात खोली घेतली. माझं काम प्रोजेक्ट विभागात, म्हणजे नवी शेड उभी करणं, मशीनचे पाये घालणं. तिथं शोअरिंग या शब्दाचा दुसरा भाऊ भेटला. एका मीटिंगमध्ये आमचे साहेब पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, की परदेशातल्या कस्टमरचं ऑफशोअरिंग आपल्याकडे येतंय. मी आपली पाच मिनिटं विचार करत बसले, की त्यांच्याकडच्या कुठल्या शेडचे टेकू काढणार असतील आणि त्यात आपण एवढं खूश कशासाठी व्हायचं. मग शेजारच्यानं समजावलं. इथला शोअर म्हणजे किनारा. त्यांनी स्वतःच्या देशात चालणारं काम उचलायचं आणि मजुरी कमी असलेल्या लांबच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवायचं, याला ऑफशोअरिंग म्हणतात. शिरूर तालुक्याला नदीशिवाय कुठला किनारा, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण नोकरी नवी होती.

त्या येणाऱ्या कामासाठी एक अवाढव्य प्रेस मशीन बसवायचं होतं. त्याच्या पायासाठी जुन्या शेडच्या भिंतीला लागून चौदा फूट खोल खड्डा घ्यायचा होता. तीन बाजूंना चांगला मुरूम होता. चौथी बाजू, भिंतीकडची, भरावाची होती. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी जागा सपाट करताना मिळेल ती माती लोटलेली. पोकलेननं खड्डा काढला. तळ हातानं साफ करायला ठेकेदाराकडे जाणती माणसं नव्हती. मी म्हटलं, आमच्या गावचे मामा आहेत, चाळीस वर्षं विहिरीत गेलीत त्यांची. मला त्यांना त्या कारखान्यात आणायचं होतं, आणि त्याहून जास्त, ते माझे आहेत हे सगळ्यांना दाखवायचं होतं.

मामा आले. सोबत घरचेच पाच जण. सुरक्षेच्या पिवळ्या टोप्या डोक्यावर घालायला लावल्या तेव्हा त्यांनी मुंडाशावरच टोपी ठेवली आणि ती दिवसभर घसरत राहिली. मला "ताई" म्हणायचे. लहानपणी नावानं हाक मारणारा माणूस तिथं, चार लोकांत, मला ताई आणि तुम्ही म्हणत होता. मला ते आवडत होतं.

खड्डा काढल्यापासून पाचव्या दिवशी, बुधवारी, तळाचं काम सुरू व्हायचं होतं. ठेकेदाराच्या टोळीनं ड्रॉइंगप्रमाणे फळ्या उभ्या केल्या होत्या. आडव्या टेकूंच्या दोन रांगा हव्या होत्या, एक वर आणि एक खाली. वरची बसली होती. खालच्या रांगेचे लोखंडी जॅक पुण्याहून यायचे होते, गाडी अडकली होती. दहा वाजता कस्टमरची माणसं व्हिडिओवर काम बघणार होती, आणि त्याआधी तपासणीचा कागद त्यांच्याकडे जायला हवा होता.

साहेब म्हणाले, "टिक करून टाक गं. दुपारपर्यंत जॅक येतातच."

"सर, खालची लाइन नाहीये अजून."

"तीन बाजूंना मुरूम आहे. काय होतंय? आज कागद गेला नाही तर कस्टमर म्हणेल यांना साधा खड्डा जमत नाही."

कागदावर एक चौकोन होता. शोअरिंग पूर्ण आणि तपासलेलं. मी त्यात बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. मी शेजारच्या चौकोनातही खूण केली, त्यात शिडी आहे का असं विचारलं होतं. शिडी खरंच होती.

मी खड्ड्याशी गेले तेव्हा मामा काठावर उकिडवे बसून आत बघत होते.

"टेकू कुणी दिलं?" त्यांनी ठेकेदाराला विचारलं.

ठेकेदार म्हणाला, "ड्रॉइंगप्रमाणं आहेत. मॅडमनी तपासून सही केलीय." आणि त्यानं मोबाइलवर तो कागद दाखवला.

मामांना इंग्रजी येत नव्हतं, सही ओळखता येत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडं हसूच होतं. आपल्या रीतीतलं माणूस भेटल्यावर येतं तसं.

"मग हा ताईंचा टेकू झाला. चला ताई, माझ्याजवळ भाकरी हाय, ठेचा बी हाय. दोघं खाली बसून खाऊ. मंग मानसं उतरवू."

मी खड्ड्यात पाहिलं. भरावाच्या बाजूला, वरच्या टेकूच्या खाली, फळ्यांच्या फटीतून बारीक माती ओघळत होती. फार नाही. चाळणीतून पीठ पडावं एवढीच. खाली जायचं म्हणजे त्या बाजूला पाठ लावून बसायचं, कारण सावली तिकडंच होती. माझे पाय जागचे हलले नाहीत. मी सही करून कागद पाठवला होता आणि माझ्या पायांना मात्र ते पटलेलं नव्हतं.

मी म्हणाले, "मामा, आज माझा उपवास आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं ते मला आजही सांगता येत नाही. मीटिंग आहे म्हणता आलं असतं. साडी-बिडी असती तर कपड्यांचं कारण देता आलं असतं. जॅक यायचेत, थांबा, असं म्हणता आलं असतं, आणि ते खरं होतं. पण मी उपवास काढला, कारण मला आतून ठाऊक होतं की आमच्याकडचा कुठलाही म्हातारा उपवासापुढं बोलणार नाही.

"उपास हाय व्हय," मामा म्हणाले. "मंग ऱ्हाऊ द्या."

त्यांनी आपल्या पाच जणांना शिडीपासून मागं घेतलं. ठेकेदाराला म्हणाले, "खालचं टेकू आलं की सांगा. तवर आमी बसतो." ठेकेदार म्हणाला बसायला जागा नाही, काम नसेल तर पास जमा करा. मामांनी टोपी काढली, मुंडासं नीट केलं, पास दिले आणि सगळे निघून गेले. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर ते गेले तेव्हा मला हायसं वाटलं.

शेजारच्या शेडमध्ये फरशीचं काम करणारे चौघे जण होते, बिहारकडचे. ठेकेदारानं त्यांना बोलावलं. त्यातल्या एकानं, गळ्यात लाल गमछा होता त्याच्या, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "नीचे का सपोर्ट नहीं लगा?"

"मैडम ने चेक किया है," ठेकेदार म्हणाला.

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. "मैडम ने देखा है, तो ठीक है।"

मी मान हलवली. एकदाच, हलकीशी. त्यानं गमछा कमरेला बांधला आणि शिडीवरून उतरला. मागोमाग बाकीचे तिघे.

दहा वाजता व्हिडिओवर परदेशातली माणसं दिसली. मी फोन काठावर धरून त्यांना खड्डा दाखवला, फळ्या दाखवल्या, वरचे टेकू दाखवले. खालच्या बाजूला फोन जरा कमी वळवला. कुणीतरी म्हणालं, छान काम आहे. खालून फावड्यांचा आवाज येत होता.

एक वाजता कॅन्टीनला गेले. त्या दिवशी नवीन काम मिळाल्याबद्दल जिलबी होती. मी दोन पोळ्या, मटकीची उसळ आणि भात खाल्ला. जिलबी दोनदा घेतली. मला भूक लागली होती, आणि खड्डा डोळ्यांसमोरून गेला होता. दुसऱ्यांदा जिलबी घेताना वाढणाऱ्याशी मी काहीतरी थट्टाही केली.

ताट धुवायला ठेवत होते तेव्हा ठेकेदाराचा माणूस पळत आला. भरावाची बाजू आत आली होती. फळ्या मोडून पाचएक फूट माती तळावर बसली होती.

मी पळत गेले. चौघेही वर होते. त्यांचा डबा कारेगावातून यायचा, तो रोजच्यापेक्षा लवकर आला होता, म्हणून ते वर येऊन जेवत होते. एवढंच. दुसरं काही कारण नाही. लाल गमछावाला काठावर उभा राहून मातीकडे बघत होता. मला पाहिल्यावर म्हणाला, "मैडम, चप्पल नीचे रह गई।" तळाशी चिखल होता म्हणून त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. तो मला दोष देत नव्हता, फक्त सांगत होता. आपण कुणाच्या शब्दावर खाली उतरलो होतो हे तो बहुतेक विसरलाही होता.

अहवाल साहेबांनी तयार केला. धोका वेळीच ओळखून कामगारांना सुरक्षित बाहेर काढण्यात आलं, असं त्यात एक वाक्य होतं. कोणी ओळखला, कोणी काढलं, ते स्पष्ट लिहिलं नव्हतं. खाली सही मात्र माझी होती. साहेबांनी कागद पुढं केला आणि मी दिवसात दुसऱ्यांदा सही केली. पुढं सुरक्षा सप्ताहात मला स्टेजवर बोलावून भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते वडिलांनी कासुर्डीच्या घरी, बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावलं आहे. आल्यागेल्याला ते सांगतात की पोरीनं माणसं वाचवली. मी घरी गेले की त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

त्या बुधवारी संध्याकाळी गेटवरून बाहेर पडत होते. वॉचमननं हाक मारून एक पिशवी दिली.

"एक बाबा देऊन गेले. ताईंचा उपवास आहे म्हणाले."

आत चार केळी होती आणि कागदाच्या पुडीत भाजलेल्या शेंगा.

"किती वाजता आले होते?"

"दीड वाजला असेल. तुम्हाला फोन लावू का विचारलं, तर नको म्हणाले. कामात असतील म्हणाले."

म्हणजे मामा कारखान्यातून निघाल्यावर गावाकडे गेलेच नव्हते. कारेगावातल्या दुकानातून केळी-शेंगा घेतल्या आणि उन्हात परत गेटपर्यंत चालत आले, तेव्हा मी जिलबी खात होते. मी पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली. खाल्ली नाही, टाकूनही दिली नाही. आठ दिवसांनी डिकीतून वास यायला लागला तेव्हा केळी काळी पडून फुटली होती. ती मी रस्त्याकडेच्या बकरीपुढं टाकली आणि डिकी धुऊन काढली. त्यानंतर मी मामांना फोन केला नाही. गावी जायचे तेव्हा त्यांच्या गल्लीतून जायचं टाळायचे.

प्रेस बसलं, काम आलं, काही वर्षं जोरात चाललं. मग मागच्या वर्षी पडद्यावर नवा शब्द आला, नियरशोअरिंग. कस्टमरला आता काम स्वतःच्या शेजारच्या देशात न्यायचं होतं, जवळच्या किनाऱ्यावर. मीटिंगमध्ये एक कागद फिरला. या बदलाचा मनुष्यबळावर परिणाम नाही, असा एक चौकोन त्यात होता आणि कुणीतरी त्यात आधीच बरोबरची खूण केली होती. महिन्याभरात त्या लाइनवरची कंत्राटी माणसं कमी झाली. सही माझी नव्हती. पण मी त्या चौकोनाकडे इतका वेळ बघत राहिले की साहेबांनी विचारलं, काही चुकलंय का. मी नाही म्हणाले.

मशीन उचलून नेल्यावर तो खड्डा बुजवायचं काम माझ्याकडे आलं. मुरमाच्या गाड्या रिकाम्या होत होत्या आणि मी काठावर उभी होते. तळ दिसेनासा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी स्कूटर काढली. न्हावऱ्यावरून पारगावचा भीमेचा पूल ओलांडून चौफुल्याला आले, तिथून कासुर्डीला. आमच्या घरी न जाता आधी मामांच्या दारात गाडी लावली.

मामा ओट्यावर बसले होते. गुडघे गेलेत, आता उतरत-चढत नाहीत. मामींनी पाणी दिलं आणि जेवायलाच बस म्हणाल्या. मामा हसले.

"विचारून घ्या ताईंना. उपास असंल."

मी मान खाली घातली. ते थट्टा करत होते की साधं बोलत होते, मला कळलं नाही.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "तुमचा बाप सांगत हुता. त्या खड्ड्यातनं मानसं तुम्ही बाहेर काढली म्हून घड्याळ मिळालं. मला बरं वाटलं ऐकून."

इथं गप्प बसता आलं असतं. आतापर्यंत तेच तर जमलं होतं.

"मी नाही काढली मामा. त्यांचा डबा लवकर आला म्हणून ती वर आली होती. मी कॅन्टीनला होते."

मामी आत भाकरी थापत होत्या, तो आवाज येत राहिला.

"आणि त्या दिवशी माझा उपवास नव्हता."

"ठाऊक हाय," मामा म्हणाले. "बुधवारचा कसला उपास."

"मग केळी कशाला दिलीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहानपणी पाहायचे तसं, आणि कित्येक वर्षांनी माझ्याशी एकेरीत बोलले.

"अगं, भ्यालेल्या मानसाच्या घशाखाली भाकर उतरत न्हाई. माझं बी सुरवातीला तसंच व्हायचं. म्हटलं, पोरगी भ्यालीय, तिला ठाऊक हाय खाली काय हाय ते, आन् कुनापुढं बोलता येईना तिला. दिवसभर उपाशी ऱ्हाईल. केळं तरी जाईल."

मामींनी ताट आणलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण, कडेला ठेचा. मामा म्हणाले, "खा." मी भाकरीचा तुकडा मोडला. त्या दुपारी मी दोन पोळ्या आणि भात खाऊन जिलबी दोनदा मागून घेतली होती, हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं, आणि तो घास तोंडात घातला.